‘आफ्रिकेतल्या भ्रष्टाचारविरोधी संस्था नुसते कागदी घोडे नाचवतात’ : एका लाडक्या दाव्याला उत्तर

“आफ्रिकेतल्या देशांनी भ्रष्टाचाराविरुद्ध एकत्र येऊन करार केले, संस्था काढल्या, परिषदा भरवल्या, पण सगळे कागदी घोडे. एकही मोठा मासा गळाला लागला नाही. थोडाफार पैसा परत आला तो युरोप-अमेरिकेच्या कृपेनं. शेजारी देश एकमेकांच्या चोरांना पाठीशी घालतात. आणि भ्रष्टाचार त्यांच्या रक्तातच आहे.”

या आशयाचा मजकूर आपल्याकडे सारखा पुढे ढकलला जातो आणि चांगली वाचणारी माणसंही त्याला मान डोलावतात. त्यातला एखादा तुकडा अर्धा खरा आहे, तो मी मान्य करणार आहे. पण एकूण दावा खोटा आहे. नोकरी आणि कधी कधी जीव धोक्यात घालून काम करणाऱ्या तिथल्या तपास अधिकाऱ्यांवर, वकिलांवर, न्यायाधीशांवर तो अन्याय करतो, म्हणून हे उत्तर.

“करार कागदावरच राहिले”

आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातल्या देशांची जी संघटना ‘सॅडेक’ या नावानं ओळखली जाते, तिनं भ्रष्टाचाराविरुद्धचा आपला करार 14 ऑगस्ट 2001 रोजी मलावीतल्या ब्लँटायर इथं केला. आफ्रिकन युनियनचा करार 11 जुलै 2003 रोजी मोझांबिकची राजधानी मापुतो इथं झाला. संयुक्त राष्ट्रांचा करार यायला ऑक्टोबर 2003 उजाडला आणि भारतानं त्याला मान्यता दिली ती 2011 मध्ये. म्हणजे या बाबतीत आफ्रिकी देश कुणाच्या मागून फरपटत आले नव्हते. मापुतो करारात काय आहे तेही बघण्यासारखं आहे. आपल्याकडे एसीबी ज्याला बेहिशेबी मालमत्ता म्हणते, तो गुन्हा त्यात आहे. बँकेच्या गुप्ततेचं कारण पुढे करून सहकार्य नाकारता येणार नाही, असंही कलम आहे.

बरं, हे कागदावर राहिलं का? दक्षिण आफ्रिकेत ‘स्कॉर्पियन्स’ नावाचं तपास पथक होतं. सत्ताधारी पक्षातल्या बड्या लोकांची प्रकरणं त्यानं हाती घेतली होती. देशाचे पोलीस आयुक्त जॅकी सेलेबी एके काळी इंटरपोलचे अध्यक्ष होते. त्यांच्याविरुद्धचा तपास याच पथकानं उभा केला आणि 2010 मध्ये त्यांना लाचखोरीबद्दल 15 वर्षांची शिक्षा झाली. तोपर्यंत पथकच उरलं नव्हतं. डिसेंबर 2007 मध्ये पोलोक्वाने इथल्या अधिवेशनात सत्ताधारी आफ्रिकन नॅशनल काँग्रेसनं ते बरखास्त करायचा ठराव केला, संसदेनं तो अमलात आणला आणि पोलिसांच्या हाताखाली ‘हॉक्स’ नावाचं नवं पथक आलं. ह्यू ग्लेनिस्टर नावाचे एक उद्योजक याविरुद्ध न्यायालयात गेले. मार्च 2011 मध्ये घटनात्मक न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला: भ्रष्टाचाराविरुद्धची यंत्रणा राजकीय दबावापासून पुरेशी मोकळी असणं हे राज्याचं घटनात्मक कर्तव्य आहे आणि हॉक्सची रचना त्या कसोटीला उतरत नाही. या निष्कर्षाला आधार कशाचा घेतला? संयुक्त राष्ट्रांच्या कराराचा, आणि त्याच्या बरोबरीनं मापुतो आणि ब्लँटायरच्या त्याच ‘कागदी’ करारांचा. संसदेला कायदा बदलावा लागला. तोही अपुरा ठरला, तेव्हा 2014 मध्ये न्यायालयानं त्यातल्या आणखी तरतुदी रद्द केल्या. स्कॉर्पियन्स परत आले नाहीत, हे खरं. पण शेजाऱ्यांबरोबर केलेल्या करारानं स्वतःच्याच सरकारचे हात बांधले गेले, हेही तितकंच खरं.

आता अर्धं सत्य. मापुतो कराराच्या अंमलबजावणीवर नजर ठेवणारं सल्लागार मंडळ टांझानियातल्या अरुशा इथं आहे. ते शिफारस करू शकतं, सक्ती करू शकत नाही. देशांनी त्याला नियमित अहवाल द्यायचे असतात आणि अनेक देश ते टाळतात. इथं टीका रास्त आहे. माझ्या मते हे मंडळ आजच्या अधिकारांत फारसं काही करू शकणार नाही. पण एक मंडळ दुबळं आहे म्हणून सगळं सहकार्य पोकळ आहे, असं म्हणता येत नाही.

“एकही मोठा मासा लागला नाही”

सेलेबींचं नाव वर आलंच. पण या मुद्द्यावर लेसोथोकडे बघायलाच हवं. साधारण 20 लाख वस्तीचा, चारही बाजूंनी दक्षिण आफ्रिकेनं वेढलेला हा डोंगराळ देश. त्याच्या डोंगरांतलं पाणी धरणं आणि बोगद्यांमधून जोहान्सबर्गच्या औद्योगिक पट्ट्याकडे नेणारी लेसोथो हायलँड्स जलयोजना जगातल्या मोठ्या योजनांपैकी एक. 1986 ते 1995 या काळात तिच्या प्राधिकरणाचे मुख्य कार्यकारी अधिकारी होते मासुफा सोले. हिशेबतपासणीत गैरव्यवहार दिसले, बडतर्फी झाली, वसुलीचा दावा लागला आणि त्यात स्विस बँकेतली खाती उघड झाली. लेसोथोनं स्वित्झर्लंडकडे कागदपत्रं मागितली आणि मिळवली. मध्यस्थांच्या खात्यांतून कुठल्या कंपनीचा पैसा कुठे गेला, याचा माग सरकारी पक्षानं न्यायालयात ओळीनं मांडला. सरकारी पक्षाची बाजू मांडायला शेजारच्या दक्षिण आफ्रिकेतले ज्येष्ठ वकील होते. 2002 मध्ये सोलेंना 18 वर्षांची शिक्षा झाली. अपिलात ती 15 वर्षांवर आली.

लेसोथो तिथंच थांबला असता तरी ते थोडं नव्हतं. पण लाच घेणाऱ्याला तुरुंगात टाकून देणाऱ्याला मोकळं सोडायचं नाही, असं त्यानं ठरवलं. कॅनडाची एकर्स इंटरनॅशनल आणि जर्मनीची लाहमायर या अभियांत्रिकी सल्लागार कंपन्यांवर लेसोथोची राजधानी मासेरूच्या न्यायालयात खटले चालले, दोघींना दोषी ठरवून दंड झाला. जागतिक बँकेनं आधी स्वतःच्या चौकशीत एकर्सविरुद्धचा पुरावा अपुरा ठरवला होता. लेसोथोच्या न्यायालयाचा निकाल आल्यावर बँकेला प्रकरण पुन्हा उघडावं लागलं आणि 2004 मध्ये तिनं एकर्सला तीन वर्षांसाठी आपल्या कंत्राटांतून बाहेर ठेवलं. वॉशिंग्टनमधल्या जागतिक बँकेला जमलं नाही ते मासेरूनं करून दाखवलं. आपल्या वाचकांना इथं बोफोर्स आठवेल. स्विस कागदपत्रं आपल्यालाही मिळाली, 1997 मध्ये. भारतीय न्यायालयात शिक्षा मात्र कुणालाही झाली नाही.

“रक्तातच आहे”

याला फार शब्द खर्च करायची इच्छा नाही. लेसोथोत लाच देणाऱ्या कंपन्या कॅनडाच्या आणि जर्मनीच्या होत्या, हे वर आलंय. ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनलच्या 2024 च्या भ्रष्टाचार निर्देशांकात (गुण जितके जास्त, तितका देश स्वच्छ) सेशेल्सला 100 पैकी 72, केप व्हर्देला 62, बोत्स्वानाला 57 गुण आहेत. भारताला 38. हा निर्देशांक तज्ज्ञ आणि उद्योजकांच्या धारणेवर बेतलेला असतो, त्याच्या मर्यादा आहेत. पण रक्ताची भाषा करणाऱ्यानं निदान तो तरी पाहायला हवा होता.

“पैसा परत आला तो पश्चिमेच्या कृपेनं”

नायजेरियाचे हुकूमशहा सानी अबाचा यांनी लुटलेला पैसा स्वित्झर्लंड, जर्सी बेट, अमेरिका यांच्याकडून आला, म्हणून हा समज पक्का झाला. पण तो पैसा इतकी वर्षं होता कुठे? त्यांच्याच बँकांत. ठेव परत करण्याला कृपा म्हणायचं का, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

शिवाय आफ्रिकेतल्या आफ्रिकेतही पैसा परत गेला आहे. 2018 मध्ये अंगोलानं आपल्या सार्वभौम संपत्ती निधीचा, म्हणजे सरकारी मालकीच्या गुंतवणूक निधीचा, कारभार पाहणाऱ्या कंपनीसमूहाकडून निधी परत घ्यायचं ठरवलं, तेव्हा मॉरिशसमध्ये त्या समूहाची खाती गोठवली गेली आणि तिथल्या नियामकानं परवाने स्थगित केले. 2019 मध्ये प्रकरण तडजोडीनं मिटलं आणि तीन अब्ज डॉलरांहून जास्त मालमत्ता परत ताब्यात आल्याचं अंगोलाच्या महाअभियोक्ता कार्यालयानं जाहीर केलं. काही भाग ब्रिटनमध्येही अडकलेला होता, आणि तडजोड म्हणजे शिक्षा नव्हे, हे दोन्ही लक्षात ठेवून सांगतो. पण मॉरिशस हलला नसता तर तडजोडीची वेळच आली नसती.

अशा वेळी कामाला येते ती यंत्रणा फारशी कुणाला माहीत नाही. 2009 मध्ये ‘अरिन्सा’ हे जाळं उभं राहिलं: दक्षिणेकडच्या देशांतले सरकारी वकील आणि तपास अधिकारी एकमेकांशी थेट जोडलेले. पुढे पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेतही अशी जाळी झाली. सरकारी मार्गानं जाणारं विनंतीपत्र मंत्रालयांमधून फिरत महिनोनमहिने घेतं; तेवढ्यात पैसा तिसऱ्या देशात पोचतो. इथं अधिकारी शेजारच्या देशातल्या अधिकाऱ्याला आधी विचारून घेतो की अमक्याच्या नावावर तिथं जमीन, गाडी, खातं आहे का, आणि मग नेमकं विनंतीपत्र धाडतो. यात उद्घाटनं नसतात, फोटो नसतात, म्हणून बातमीही नसते.

“शेजारी एकमेकांच्या चोरांना पाठीशी घालतात”

याचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणून मोझांबिकचे माजी अर्थमंत्री मान्युएल शांग यांचं नाव घेतलं जातं. सुमारे दोन अब्ज डॉलरांच्या छुप्या कर्जांच्या प्रकरणात ते डिसेंबर 2018 मध्ये जोहान्सबर्ग विमानतळावर पकडले गेले, अमेरिकेच्या विनंतीवरून. मग मोझांबिकनंही त्यांना मागितलं आणि दक्षिण आफ्रिकेच्या मंत्र्यांचे निर्णय एकदा इकडे, एकदा तिकडे झुकले. साडेचार वर्षं यात गेली. मजकूर लिहिणारे इथवरच सांगतात. पुढचं असं: शांग यांना मायदेशी पाठवलं तर ते सुटतील, या भीतीनं मोझांबिकच्याच नागरी संघटना दक्षिण आफ्रिकेच्या न्यायालयात गेल्या. तिथल्या न्यायाधीशांनी त्यांचं ऐकून घेतलं आणि आपल्याच सरकारविरुद्ध निकाल दिला. जुलै 2023 मध्ये शांग अमेरिकेला सोपवले गेले, 2024 मध्ये दोषी ठरले आणि जानेवारी 2025 मध्ये त्यांना साडेआठ वर्षांची शिक्षा झाली. सरकारांनी टाळाटाळ केली, पण सीमेच्या दोन्ही बाजूंची माणसं एकमेकांच्या पाठीशी उभी राहिली.

आणि पाठीशी घालण्याचीच गोष्ट करायची तर सहारनपूरहून दक्षिण आफ्रिकेत गेलेल्या उद्योजक गुप्ता बंधूंकडेही बघा. दक्षिण आफ्रिकेत राज्ययंत्रणाच ताब्यात घेतल्याच्या आरोपांची झोंडो आयोगानं चार वर्षं चौकशी केली आणि त्यांच्यावर ठपका ठेवला. त्यांच्या कंपन्यांची खाती तिथल्या मोठ्या बँकांनी बंद केली, तेव्हा ती आपल्या बँक ऑफ बडोदाच्या जोहान्सबर्ग शाखेत चालू राहिली. जून 2022 मध्ये त्यांच्यापैकी दोघा भावांना दुबईत अटक झाली आणि 2023 मध्ये संयुक्त अरब अमिरातीच्या न्यायालयानं त्यांच्या प्रत्यार्पणाची विनंती फेटाळली. या प्रकरणात अडसर झालेलं न्यायालय आफ्रिकेच्या कुठल्याही शेजारी देशातलं नव्हतं.