एसीत बसून? एका प्रतिक्रियेला उत्तर

गर्भारपण आणि बाळाची वाढ या विषयावरील माझ्या लेखावर आपण लिहिलेत, "एसीत बसून बायकांना उपदेश करणे सोपे असते. माझी आजी नवव्या महिन्यापर्यंत शेतात राबली, आठही मुले धडधाकट निघाली. हजार दिवसांचा हिशेबही चुकला आहे आणि बापाबद्दल एक ओळ नाही."

हिशेबाचे मान्य. बाळाच्या वाढीसाठी महत्त्वाचे मानले जाणारे पहिले हजार दिवस जन्मापासून नव्हे, गर्भधारणेपासून मोजतात: पोटातले २७० आणि पुढचे ७३०. दुरुस्ती केली आहे; मात्र ती सुचवताना एवढा तिरकस सूर का लावावा लागला, हे मला समजले नाही.

आता एसीविषयी. मी आज नाशिक शहरात राहत असले तरी माझा जन्म निफाड तालुक्यातला. धाकट्या भावाच्या वेळी सातव्या महिन्यातही आई दुसऱ्याच्या द्राक्षबागेत विरळणीला जात होती. मांडवाखाली दिवसभर हात वर आणि मान मागे. सकाळी कोरा चहा आणि मिसरी, म्हणजे दातांना लावायची भाजलेल्या तंबाखूची पूड. सगळ्यांचे डबे भरून उरलेली भाकरी फडक्यात बांधलेली असे, ती सुटायची दुपारी दोनला. भाऊ १ किलो ९०० ग्रॅमचा झाला. कापसात गुंडाळलेले ते पोर पोटाशी धरून आजी रात्र रात्र बसून राही.

मिसरीतल्या निकोटिनने वारेकडे, म्हणजे पोटातल्या बाळाला पोसणाऱ्या अवयवाकडे, जाणारा रक्तपुरवठा आवळतो, हे आईला कोणी सांगितलेच नव्हते. पुढे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत केलेल्या अभ्यासाविषयी वाचले, तेव्हा मला त्यात आईच दिसली. जास्त अंगमेहनत करणाऱ्या गर्भवतींची बाळे तुलनेने लहान भरली होती, तर दूध, फळे आणि पालेभाज्या वारंवार खाणाऱ्यांची मोठी. यात बाईला दोष कुठे आहे, ते दाखवा. तिच्या डोक्यावरचे ओझे उतरवा आणि तिचे ताट आधी वाढा, एवढेच मी लिहिले होते, आणि ते घरातल्या इतरांना उद्देशून होते. लेख शेवटपर्यंत वाचला असता, तर हे तुमच्याही लक्षात आले असते.

तुमच्या आजींविषयी मला आदर आहे. पण एका घरावरून गावाचा निष्कर्ष काढता येत नाही. बापाचा मुद्दा वेगळा आहे, त्यावर पुन्हा केव्हातरी. मतभेद जरूर कळवा. माझ्या आईने उन्हात काढलेले दिवस ठाऊक नसताना मी कुठे बसून लिहिते, हे मात्र ठरवू नका.