पाठीवर बिऱ्हाड, दारावर कुलूप

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, हे मी लहानपणापासून ऐकत आले. विंचवाचे खांदे दुखत असतील, हे मात्र फोर्ट कोचीला पोचेपर्यंत कधी मनात आलं नव्हतं.

सॅक मुलीची. 'आई, एकदा तरी ट्रॉली बॅग न घेता फिरून बघ,' हा हट्टही तिचाच. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेलं माणूस कशालाही हो म्हणतं. तिनं मोजून चार कपडे भरले. ती झोपल्यावर मी किलोभर चकल्या, छत्री, मेणकापड, स्टीलचं फुलपात्र आणि 'असू दे' या सदरातल्या बऱ्याच वस्तू आत सारल्या.

एर्नाकुलमच्या धक्क्यावरून सरकारी बोट वीसेक मिनिटांत फोर्ट कोचीला सोडते. तिकीट वडापावापेक्षा स्वस्त. बोटीत वळले तर सॅक मागच्या काकांना लागली. त्यांना सॉरी म्हणायला वळले तर दुसऱ्या बाजूच्या बाईंना लागली. त्यांना सॉरी म्हणायला पुन्हा वळले. उतरेपर्यंत माझ्याभोवती छान मोकळी जागा झाली होती.

हॉस्टेलच्या दारावर पाटी: चेक-इन दुपारी दोन. घड्याळात साडेनऊ. आत माणूस नाही, बाहेर ठेवायला जागा नाही. म्हणजे आता आम्ही दोघी शहर बघणार, मी आणि सॅक.

किनाऱ्यावर ती प्रसिद्ध चिनी जाळी. मोठाले सागवानी वासे, बांबू आणि दोरांना ओळीनं लटकवलेले धोंडे. त्या धोंड्यांचा भार आणि पाच-सहा जणांची ओढ यांवर अख्खं जाळं पाण्यातून वर येतं. मी बघत उभी होते तर हाक आली, "चेची, कम! पुल!" चेची म्हणजे ताई. एवढ्या गर्दीत मलाच का, हे दोर हातात आल्यावर कळलं. त्यांना एक धोंडा आयता चालत आलेला दिसला होता. ओढलं. जाळ्यात बोटाएवढे चार मासे, एक चिडलेला खेकडा आणि डाव्या पायाची रबरी चप्पल. वर पन्नास रुपये मलाच द्यावे लागले. राबले मी, मजुरी त्यांना.

तिथून सेंट फ्रान्सिस चर्च. वास्को द गामा 1524 च्या डिसेंबरात कोचीत वारला आणि त्याला इथंच पुरलं. चौदाएक वर्षांनी त्याला पोर्तुगालला हलवलं, आता कठड्याआड नुसती शिळा आहे. मी बाकावर टेकले ती सॅकसकट, त्यामुळे बाकाच्या कडेवरच. वर छताला लांबलचक कापडी पंखे. त्यांच्या दोऱ्या भिंतीतून बाहेर काढलेल्या, बाहेर बसून माणसं ओढायची. चर्च पोर्तुगीजांचं होतं, मग डचांचं झालं, मग इंग्रजांचं. दोरी ओढणारा मात्र इथलाच. सकाळी त्याच खात्यात माझी भरती झालेली असल्यानं मला त्याच्याबद्दल फार आपुलकी वाटली.

पुढं डच दफनभूमी, 1724 सालची. फाटकाला कुलूप. गजांतून डोकावले. आतली सगळी मंडळी निवांत, त्यांचं चेक-इन केव्हाच झालेलं.

मट्टांचेरीला जायला रिक्षा केली. रिक्षावाल्या दादांनी वाटेत तीन दुकानं दाखवली. "नो बाय चेची, ओन्ली लुक." बघायला पैसे पडत नाहीत, त्यांना म्हणे कूपन मिळतं. तिसऱ्या दुकानात लाकडी हत्तीला सॅकचा धक्का लागला आणि ओन्ली लुकचे दोनशे रुपये झाले.

मट्टांचेरीचा राजवाडा पोर्तुगीजांनी बांधून राजाला दिला. डचांनी पुढं डागडुजी केली, तर नाव पडलं डच पॅलेस. आमच्या सोसायटीतही रंग काढणाऱ्याचीच पाटी लागते. "फ्रायडे क्लोज, चेची," दादा दारात आल्यावर म्हणाले. तीन दुकानांआधी त्यांना हे आठवलं नव्हतं. जवळचं 1568 सालचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, तेही शुक्रवारी दुपारी बंद. आतल्या जमिनीवरच्या निळ्या-पांढऱ्या चिनी फरश्या मी फ्रिजला लावायच्या चुंबकावर पाहिल्या. फुकट मिळाला तो फक्त गल्लीतला सुंठ-मिऱ्यांचा वास.

चालत चालत चेरलाईला पोचले. ही कोंकणी लोकांची वस्ती. पोर्तुगीजांच्या जाचाला कंटाळून यांच्या पूर्वजांनी गोवा सोडला आणि आले कुठं, तर इथं, जिथं शेजारी पुन्हा पोर्तुगीजच! पण मट्टांचेरीत राजाचा आसरा होता. एका ओट्यावर आजी पापड वाळत घालत होत्या. माझा अवतार बघून त्या भराभर काहीतरी बोलल्या. मला 'उदक' एवढंच कळलं, आणि तेवढं पुरलं. आपल्याकडे हा शब्द कशावर तरी उदक सोडायचं असेल तरच बाहेर निघतो. इथं तांब्याभर, थंडगार, पिण्याचं. मी दोन तांबे प्याले आणि सॅकवर उदक सोडावं का, याचा गंभीरपणे विचार केला.

तेवढ्यात चकल्या आठवल्या. अख्खी पिशवी आजींच्या हातात दिली. एक किलो कमी! मी हसत हसत सॅक पाठीवर घेतली. आजी आत गेल्या आणि पापडांचे चार जाडजूड पुडे घेऊन आल्या. नको म्हणायला मला कोंकणी येत नव्हती.

सॅकमध्ये घातले असते तर चुरा झाला असता. त्यामुळे चारही पुडे छातीशी धरून, पुढून पापड आणि मागून सॅक, अशी मी हॉस्टेलवर पोचले तेव्हा साडेचार झाले होते. काउंटरवरच्या मुलानं किल्ली पुढं केली. "अप्पर बर्थ, मॅडम."