टीबीची ‘मशीन टेस्ट’: फिरणाऱ्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

‘टीबीच्या मशीन टेस्टच्या नादी लागू नका’ असा एक लांबलचक मेसेज फॅमिली ग्रुपांवर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: बेडका दुर्बिणीखाली पाहिला की पुरतं, औषध लागू पडतं की नाही ते औषध घेऊनच कळतं, मशीन मेलेले जंतूही धरतं म्हणून टेस्ट खोटी, सगळा कंपन्यांचा धंदा, आणि आता सहा महिन्यांचं नवं औषध आलंय, मग टेस्ट कशाला? ‘मशीन टेस्ट’ म्हणजे बेडक्यात टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी सीबीनॅटसारखी तपासणी. मी टीबीच्या लॅबमध्ये काम करते. हा मेसेज वाचून कुणी तपासणी टाळली तर त्याची किंमत त्याचं अख्खं घर मोजेल, म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘बेडका दुर्बिणीखाली पाहिला की पुरतं.’ स्लाइडवर टीबीचे जंतू निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्यांसारखे दिसतात. औषधाला दाद देणारी काडी आणि न देणारी काडी हुबेहूब सारखी. डोळा कितीही तयार असो, फरक सांगता येत नाही. शिवाय काडी नजरेला पडायला एक मिलिलिटर बेडक्यात साधारण पाच ते दहा हजार जंतू असावे लागतात. सीबीनॅटच्या सुरुवातीच्या कार्ट्रिजला (मशीनमध्ये बसवायच्या नमुन्याच्या डबीला) सुमारे १३० पुरत, नंतरच्या ‘अल्ट्रा’ला सुमारे १६ पुरतात. स्लाइड निगेटिव्ह पण कल्चरमध्ये (लॅबमध्ये जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) टीबी निघालेल्या रुग्णांपैकी ७२.५ टक्के एकाच सीबीनॅटमध्ये सापडले, असं २०१० च्या मोठ्या अभ्यासात दिसलं. त्याच वर्षाच्या शेवटी जागतिक आरोग्य संघटनेने या टेस्टला मान्यता दिली.

आणि मशीन नेमकं करतं काय? बेडक्यात द्रावण मिसळून पंधरा मिनिटं ठेवायचं, कार्ट्रिजमध्ये ओतायचं, पुढचं सगळं बंद डबीत. जंतूच्या आरपीओबी जनुकातला ८१ अक्षरांचा तुकडा ते तपासतं. रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंपैकी ९५ टक्क्यांहून अधिक जंतूंत बदल याच तुकड्यात असतो. जुन्या कार्ट्रिजमध्ये या तुकड्यावर पाच प्रोब (जनुकाच्या ठरावीक भागाला चिकटणारे तुकडे) बसत आणि पडद्यावर पाच रेषा वर चढत. जिथे जनुक बदललेलं असे तिथला प्रोब चिकटत नसे, त्याची रेषा खालीच राही किंवा फार उशिरा उठे. दोन तासांच्या आत ‘रिफ रेझिस्टंट’ कळे. हेच कळायला कल्चरला आठवडे लागतात.

‘औषध घेऊनच कळतं.’ सगळ्यात घातक वाक्य हेच. नेहमीच्या चार औषधांतली आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन ही मुख्य दोन निकामी असतील, तर उरलेल्या दोघांच्या माऱ्यातून जे जंतू तगतात ते त्यांनाही दाद देईनासे होतात. मग डॉक्टर एक औषध वाढवतात, तेही वाया जातं. २०११ च्या अखेरीस मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी चार रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. तपासलेलं एकही औषध त्यांच्या जंतूंवर चालत नव्हतं. त्यांतल्या तिघांना वेगवेगळ्या खासगी डॉक्टरांनी दुसऱ्या फळीची औषधं एकेक करून, बरेचदा चुकीच्या मात्रेत दिली होती. ‘घेऊन बघू’ म्हणतात ते हेच. तोवर रुग्ण घरातच खोकत असतो.

पहिल्यांदाच टीबी झालेल्याला ही भीती नाही, असंही समजू नका. २०१४–१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात नव्या रुग्णांपैकी २.८४ टक्के आणि आधी उपचार झालेल्यांपैकी ११.६२ टक्के एमडीआर निघाले, म्हणजे त्यांच्या जंतूंवर आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन दोन्ही चालत नव्हती.

‘मेलेले जंतूही धरतं.’ हे खरं आहे. मशीन डीएनए शोधतं, आणि जंतू मेल्यावरही तो काही काळ राहतो. म्हणूनच उपचार लागू पडतोय का हे पाहायला ही टेस्ट वापरत नाहीत. तिथे स्लाइड आणि कल्चरच लागतं. पूर्वी टीबी होऊन गेलेल्याच्या रिपोर्टमध्ये ‘ट्रेस’ (जंतूची अगदी पुसट खूण) आलं तर डॉक्टर एक्स-रे आणि लक्षणं पाहून ठरवतात. पण उपचार सुरू होण्याआधीच्या पहिल्या निदानाला हा आक्षेप लावणं चूक आहे.

‘कंपन्यांचा धंदा.’ सरकारी केंद्रात ही तपासणी मोफत होते. कार्ट्रिजच्या किमतीवर मात्र रागावायला जागा आहे: गरीब देशांसाठी २०१२ पासून ९.९८ डॉलर, २०२३ मध्ये ती ७.९७ वर आली, तीही ‘पाच डॉलर करा’ अशी मोहीम चालल्यावर. तो लढा जरूर लढावा. दुसरीकडे बॅटरीवर चालणारं ट्रूनॅट हे असंच मशीन गोव्याच्या मोलबायो कंपनीचं आहे, आणि जिथे एसी टिकत नाही तिथेही ते चालतं. टीबीच्या नावाखाली खरी लूट रक्ताच्या अँटिबॉडी टेस्टची होती. तिच्यावर २०१२ मध्ये भारतात बंदी आली.

‘नवं औषध आलंय, मग टेस्ट कशाला?’ ती सहा महिन्यांची बीपाल्म पद्धत औषधाला दाद न देणाऱ्या टीबीसाठीच आहे. म्हणजे ती मिळायलाच आधी हा रिपोर्ट लागतो. तिच्यातलं मॉक्सिफ्लॉक्सासिन चालेल का, ते एलपीए (जनुकातले बदल पट्टीवर दाखवणारी लॅब तपासणी) किंवा एक्सडीआर कार्ट्रिजवर (आणखी औषधांसाठीच्या वेगळ्या कार्ट्रिजवर) कळतं. तिच्यातल्याच बेडाक्विलिनसाठी अशी सोपी कार्ट्रिज नाही; तिथे कल्चर किंवा सिक्वेन्सिंग (जनुक अक्षर-अक्षर वाचणं) लागतं.

मेसेजने विचारायला हवा होता तो प्रश्न वेगळाच आहे. रिपोर्टवरचं ‘रिफ रेझिस्टन्स नॉट डिटेक्टेड’ फक्त रिफाम्पिसिनबद्दल बोलतं. त्याच राष्ट्रीय सर्वेक्षणात ११.०६ टक्के नव्या रुग्णांचे जंतू आयसोनियाझिडला दाद देत नव्हते, आणि ते साध्या सीबीनॅटला दिसत नाही. आफ्रिकेतल्या एस्वातिनी देशात तर रिफाम्पिसिनचा एक बदल नेमका त्या ८१ अक्षरांच्या बाहेर निघाला, आणि तिथले ३० टक्के एमडीआर जंतू या टेस्टला चुकवून गेले. म्हणून डॉक्टरांना विचारा: आयसोनियाझिडसाठी एलपीएला नमुना गेला का? आणि डबीत थुंकी नको, सकाळी उठल्यावर छातीतून खाकरून काढलेला घट्ट बेडका द्या, पहिली गोळी घेण्याआधी.