वीस मिनिटं

माझ्या पार्किंगमध्ये सध्या सोसायटीतल्या काकांच्या भाच्याची निळी गाडी उभी आहे. माझी स्कूटर बाहेर, गुलमोहराखाली, कावळ्यांच्या ताब्यात. कारण काय, तर मी मौन पाळलं.

बीपी वाढलं म्हणून डॉक्टर म्हणाले, रोज वीस मिनिटं शांत बसा. घरात मिक्सर, कुकर आणि फोनवर मेहुणी. म्हणून पहाटे गच्ची गाठली. टाकीच्या आडोशाला सतरंजी टाकून डोळे मिटले. तिसऱ्या दिवशी चपला फटफटल्या.

"ध्यान का?"

मी ओठांवर बोट ठेवलं.

"अरे वा, मौन! चालू द्या, मी नाही डिस्टर्ब करत," म्हणत काका सतरंजीच्या दुसऱ्या टोकाला मांडी घालून बसले. "मौन आमच्या नगरचं हो! मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ला बोलणं थांबवलं, ते १९६९ला देह ठेवेपर्यंत. आधी अक्षरांच्या पाटीवर बोट फिरवून बोलायचे, पुढे तीही सोडली, नुसत्या खुणा. पवनारला विनोबांनी वर्षभर पाळलं. तुमचं किती? वीस मिनिटं? हॅ!"

तिथून गाडी मूळव्याधीवर, मग सुनेच्या पास्त्यावर. दर दोन वाक्यांनी "खरंय की नाही?" आणि माझा उच्छ्वास म्हणजे होकार.

ध्वनिप्रदूषणाचा २०००चा नियम मी वाचलाय. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्र सकाळी सहाला संपते. काका सहा वाजून एक मिनिटाने येतात. कायद्याने काही करता येत नाही.

आपल्याकडे माणूस गप्प दिसला की तो आजारी तरी असतो, नाहीतर घरात भांडून आलेला. त्याला एकटं म्हणून कुणी सोडत नाही.

"भाच्याची गाडी लावू ना तुमच्या जागेत? महिनाभर फक्त. तुमची काय, स्कूटरच."

मी डोळे न उघडता जोरजोरात हात हलवला.

"डास फार झालेत नाही?" काका म्हणाले. "बरं, मग ठरलं."

मौन संपेपर्यंत ते जिना उतरलेही होते. संध्याकाळी सेक्रेटरींकडे गेलो. ते म्हणाले, "काका तर म्हणाले तुम्ही आनंदाने दिलीत. नको होतं तर तेव्हाच बोलायचं ना!"

काल त्या गाडीवर कव्हर चढलं, चारही कोपऱ्यांना दोरी बांधून. महिनाभरासाठी आलेल्या गाडीला कुणी कव्हर शिवून घेत नाही.