स्ट्रीट ग्लाइडच्या एक स्टारवाल्या रिव्ह्यूला उत्तर: मडगार्ड घासलं ती चूक आमचीच

नमस्कार दादा, रिव्ह्यू वाचला, दोनदा वाचला. तुम्ही लिहिलंय की आमच्या गॅरेजमध्ये तुमची स्ट्रीट ग्लाइड, म्हणजे हार्लेची टूरिंग मोटरसायकल, मागून लोअर (खाली) करून घेतली, तुम्ही आणलेली मोठी चाकं बसवून घेतली, आणि पहिल्याच गोव्याच्या ट्रिपला आंबोलीच्या घाटात मागचं चाक मडगार्डला घासायला लागलं, टेल लॅम्प गेला, हँडल जड झालं, रात्री समोरचे सारखे डिपर मारत होते आणि एवढं करूनही सिग्नलला पाय आधीसारखेच जेमतेम टेकत होते. वर आम्ही पैसे घेऊन हात वर केले असंही लिहिलंय. हे शेवटचं सोडलं तर बाकी सगळं खरं आहे, आणि का झालं ते इथेच सगळ्यांसमोर सांगतो, कारण असंच काम करून घ्यायला विचारणारे अजून चारजण आहेत.

आधी मडगार्ड. गाडी परत आणलीत तेव्हा मी स्वतः खाली झोपून बघितलं, मडगार्डच्या आतून तळहाताएवढा रुंद काळा चकचकीत पट्टा पडलेला, हात लावला की रबराची भुकटी बोटाला लागत होती, आणि त्याच पट्ट्याच्या कडेने टेल लॅम्पचं वायरिंग जातं त्याची क्लिप तुटून दोन वायरींचं तांबं उघडं पडलेलं. दोघंजण बसलेले असताना घाटात मागचा लाईट नाही, ब्रेकलाईट नाही, हे बघून मला खरंच कसंतरी झालं. ट्रकवाल्याला दिसला नसतात तर?

आता हे झालं कसं. तुमच्या गाडीला कंपनीचं मागचं चाक १६ इंची, त्यावर १८०/६५ टायर (१८० मिमी रुंदी, उंची तिच्या ६५ टक्के). तुम्ही आणलेलं १८ इंची, त्यावर १८०/५५. सगळ्यांना वाटतं की टायरची उंची कमी घेतली की हिशोब जुळला, तसं होत नाही, जुना टायर पूर्ण उंचीला साधारण ६४० मिमी आणि नवा ६५५, म्हणजे टायर मडगार्डच्या ७-८ मिमी जवळ आला. त्यात आपण एक इंचाचं लोअरिंग ब्रॅकेट लावलं, म्हणजे अजून २५. सव्वातीन सेंटीमीटर जागा गेली आणि शॉकअप मात्र तोच, त्याचा दोन इंचाचा दाब जसाच्या तसा, कारण ब्रॅकेट फक्त शॉकअपचा खालचा टेका सरकवतं, स्ट्रोक, म्हणजे हा दाब, कमी करत नाही. एकटा माणूस बसला तर शॉकअप तेवढा दबतच नाही म्हणून काही कळत नाही. मागे वहिनी, दोन्ही बॅगा भरलेल्या आणि घाटातला खड्डा, म्हणजे शॉकअप तळाला जाणार आणि टायर वर भिडणार, भिडलाच. ब्रॅकेटऐवजी आखूड शॉकअप लावले असते तर घासलं नसतं, पण मग आधीच कमी असलेला स्ट्रोक अजून कमी झाला असता आणि प्रत्येक खड्डा कमरेत गेला असता.

आमची चूक इथे आहे. आमच्या पोराने गाडी कात्रजच्या जुन्या घाटातून फिरवून आणली, तो पासष्ट किलोचा, एकटा, बॅगा रिकाम्या, घासलं नाही म्हणाला आणि मी डिलिव्हरी दिली. खरं म्हणजे शॉकअप काढायचे, मडगार्डच्या आत मुलांची खेळायची क्ले चिकटवायची, शॉकअप पूर्ण दबल्यावर जेवढा होतो तेवढ्यापर्यंत चाक जॅकने वर घ्यायचं आणि क्लेवर टायरचा ठसा उमटतो का बघायचं. अर्ध्या तासाचं काम. ते मी केलं नाही. जॉबकार्डवर तुमच्या सहीने 'एकट्यासाठी' असं लिहिलेलं आहे हे खरं, पण टूरिंग गाडीवर आज ना उद्या कोणीतरी मागे बसणारच आणि हे ओळखायला मी पुरेशा गाड्या बघितल्यात, त्यामुळे त्या कागदाच्या आड मी लपणार नाही.

हँडलचं सांगतो. पुढचं चाक १९ इंचीचं २१ झालं, टायर तोच १३०/६०, म्हणजे पुढचा ॲक्सल २५ मिमी वर गेला. मागून गाडी २५ खाली आली पण मोठ्या चाकाने त्यातले ७ परत घेतले, उरले १८. पुढून वर, मागून खाली, मिळून ४३ मिमीचा फरक, चाकांमधलं अंतर सव्वासोळाशे मिमी, म्हणजे अख्खी गाडी साधारण दीड डिग्री मागे कलली. रेक, म्हणजे स्टेअरिंगचा मागे झुकलेला कोन, २६ डिग्रीवरून साडेसत्तावीसच्या आसपास, आणि ट्रेल, म्हणजे स्टेअरिंगची रेषा जमिनीला जिथे लागते तिथून पुढचा टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर, १७० मिमीवरून १९० च्या पुढे. सरळ रस्त्याला हे झकास लागतं, तुम्हीच कोल्हापूरहून फोन करून म्हणालात की गाडी रुळावर असल्यासारखी चालतीये. पण हळू वेगात, आंबोलीसारख्या वळणांवर पावणेचारशे किलोची गाडी वळायला मागत नाही आणि वळली की हँडल आतमध्ये पडतं. हेडलाईटही त्याच दीड डिग्रीने वर गेला, दहा मीटरवर एक वीत, म्हणून डिपर. हेडलाईट सेट न करता गाडी दिली हीसुद्धा आमचीच चूक, निमित्त नाही.

आणि पायाचं, जे तुमचं मूळ कारण होतं. तुमची सीट दोन चाकांच्या मध्ये, मागच्या ॲक्सलच्या बरीच पुढे. मागचा भाग १८ खाली, पुढचा २५ वर, तर सीटच्या जागी फरक उरतो जेमतेम ४-५ मिमी. म्हणजे एवढा खर्च करून बुटाच्या सोलएवढंही मिळालं नाही. हा हिशोब मी तुम्हाला काम घ्यायच्या आधी कागदावर मांडून द्यायला हवा होता. सीटचा फोम कापून पुढची बाजू अरुंद केली असती तर दहापट फायदा झाला असता, गाडीला हात न लावता.

अमेरिकेत बॅगर, म्हणजे अशा बॅगावाल्या गाड्यांना २३, २६ इंची चाकं घालतात ते फ्रेमच्या नेकचा रेक बदलतात, ट्रिपल ट्री (पुढचे फोर्क धरणारे क्लॅम्प) बदलतात, मागे एअर सस्पेन्शन घालतात. नुसती चाकं आणि ब्रॅकेट म्हणजे अर्धंच काम. आणि आपल्याकडे नियमातला गतिरोधकसुद्धा दहा सेंटीमीटर उंच, गल्लीतले तर विचारूच नका. तुमच्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे पोटाखालची जागा, मुळातच सव्वाशे मिमी, त्यात मागून अजून खाली.

पैशाचं. मजुरी ९,५०० घेतली, चाकं आणि टायर तुमचे. तुमचे दोन फोन रविवारी आले, गॅरेज बंद होतं आणि फोन गॅरेजमध्येच होता, सोमवारी सकाळी मीच उलटा फोन केला, त्याच दिवशी गाडी आली आणि वायरिंग मोफत करून दिलं. हात वर केले नाहीत, एवढं मात्र काढून टाका अशी विनंती.

अजून एक. कंपनीच्या स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलंय, दंड गाडीमालकाला होतो आणि अपघात झाला तर इन्शुरन्सवाले आधी हेच बघतात. हे मी तोंडी बोललो होतो पण आग्रहापुढे काम घेतलं, घ्यायला नको होतं. चाकाचा साईज बदलायचं काम आता बंद केलंय.

तर दादा, मजुरी पूर्ण परत, आज सांगा आज करतो. कंपनीची चाकं तुमच्याकडेच आहेत, ती घेऊन या, ब्रॅकेट काढून गाडी होती तशी करून देतो, हेडलाईट सेट करतो, आणि आपल्या सीटवाल्याकडून फोमचं काम माझ्या खर्चाने. शनिवारी सकाळी दहाला जमलं तर बघा. वहिनींनाही आणा आणि बॅगा गोव्याला भरल्या होत्या तशाच भरून आणा, यावेळी शॉकअप दोघं बसल्यावरच सेट करायचेत.