‘व्हीलचेअरवर बसलात की पाय गेलेच’ : हिमोफिलियाबद्दलच्या एका दाव्याला उत्तर

हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा जन्मजात आजार, असलेल्यांच्या घरी एक संदेश पुन्हा पुन्हा येऊन पोचतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच राहतो: काठी, कुबड्या, व्हीलचेअर यांच्या नादी लागू नका; एकदा बसलात की पाय गेलेच; आता औषधं चांगली आली आहेत, जिद्द ठेवा आणि चालत राहा; मुलांना तर या वस्तू दाखवूही नका. पाठवणाऱ्यांच्या मनात काळजीच असते, याबद्दल मला शंका नाही. पण मला तीव्र हिमोफिलिया आहे. दोन्ही घोटे आणि एक गुडघा खराब झालेला आहे. मी कधी काठी वापरतो, कधी व्हीलचेअर. आणि हा सल्ला मनावर घेऊन घरात बसून राहिलेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितो आहे.

‘बसलात की पाय गेलेच.’ वापर थांबला की स्नायू बारीक होतात, एवढं खरं आहे. मांडीचा स्नायू कमजोर झाला की गुडघ्याचा आधारच जातो, तेही खरं. पण आमचे स्नायू मुळात कशामुळे जातात ते बघा. तीव्र प्रकारात रक्तातला फॅक्टर (रक्त गोठवणारं प्रथिन) आठ किंवा नऊ नेहमीच्या १ टक्क्याहून कमी असतो, त्यामुळे न पडता, न लागताही सांध्यात रक्त उतरतं. त्या रक्तातलं लोह सांध्याच्या आतल्या अस्तरात साचतं. अस्तर सुजतं, जाड होतं, त्यात नव्या नाजूक रक्तवाहिन्या वाढतात आणि त्या आणखी सहज फुटतात. एकाच सांध्यात सहा महिन्यांत आपोआप तीन किंवा जास्त ब्लीड (रक्तस्राव) झाले की डॉक्टर त्याला ‘टार्गेट जॉइंट’ म्हणतात. कूर्चा झिजते, सांधा आखडतो, दुखतो म्हणून हलवला जात नाही, आणि मग स्नायू सुकतो. सुजलेल्या घोट्यावर ‘चालत राहा’ असं सांगणारा माणूस हेच चक्र पुढे ढकलत असतो.

ब्लीड झाल्यावर त्या सांध्यावरचा भार काढायचा आणि सूज उतरल्यावर फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली थोडा थोडा वाढवायचा, ही साधी रीत आहे. त्या मधल्या दिवसांत कुबडी किंवा खुर्ची नसेल तर उरतं ते अंथरूण, आणि अंथरुणात स्नायू सगळ्यात लवकर जातात. व्यायाम सोडा असं कुणी म्हणत नाही. मांडीचे व्यायाम आणि पोहणं मी करतोच. दिवसभराच्या लांब अंतरांसाठी खुर्ची वापरली तर संध्याकाळी व्यायाम करण्याइतका घोटा शाबूत राहतो. माझ्यासाठी चालणं म्हणजे मोजका पगार आहे. तो पार्किंगपासून दारापर्यंत पोचण्यातच उडवायचा की मुलीबरोबर बागेत, हे मला ठरवायचं असतं.

‘आता औषधं आहेत, साधनं कशाला?’ औषधं खरोखरच बदलली आहेत, आणि त्याचा आनंद मला इतर कुणाहून कमी नाही. एमिसिझुमॅब या रक्तस्राव टाळणाऱ्या औषधाला अमेरिकेत २०१७ साली मान्यता मिळाली. ते त्वचेखाली घ्यायचं इंजेक्शन आहे, म्हणजे शीर शोधत बसावं लागत नाही. हिमोफिलियावरच्या पहिल्या जनुकोपचारांना २०२२ मध्ये मान्यता मिळाली. पण ही औषधं पुढचा रक्तस्राव टाळतात. झिजलेली कूर्चा त्यांनी परत येत नाही. नियमित प्रतिबंधक उपचार मिळण्याआधी जे वाढले, त्यांचे सांधे तेव्हाच बिघडले आहेत. शिवाय तीव्र हिमोफिलिया ‘ए’ (फॅक्टर आठ कमी असलेला प्रकार) असलेल्यांपैकी साधारण ३० टक्के जणांच्या शरीरात कधी ना कधी इन्हिबिटर, म्हणजे बाहेरून दिलेला फॅक्टर निकामी करणारी प्रतिपिंडं, तयार होतात आणि नेहमीचा फॅक्टर त्यांच्यावर नीट चालत नाही. त्यांना ‘फॅक्टर घे आणि चाल’ असं सांगणं निर्दयपणाचं आहे.

‘उठून उभं राहता येतं, तर खुर्ची हे ढोंग.’ हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खुपतो, कारण तो परक्यांच्या नजरेतून रोज भेटतो. खुर्चीतून उठून मी वरच्या फळीवरची वस्तू काढली की आजूबाजूचे चेहरे बदलतात. व्हीलचेअर फक्त अजिबात चालता न येणाऱ्यांसाठी असते, हा समजच चुकीचा आहे. आमच्या सांध्यांची तऱ्हा दिवसागणिक वेगळी असते. सकाळी ताठरलेला घोटा दुपारी मोकळा होतो, आणि काल बरा असलेला गुडघा आज पहाटे आतून गरम लागतो. सांध्यात ती ओळखीची सुरसुर आणि ऊब जाणवते तेव्हा बाहेरून काहीच दिसत नाही. नेमकं तेव्हाच भार काढायला हवा असतो. लोक काय म्हणतील या भीतीने तेव्हा चालत राहिलेल्यांना पुढे आठवडाभर घरी पडावं लागतं.

‘साधन म्हणजे परावलंबन.’ खुर्ची नव्हती तेव्हा कॉलेजच्या आवारात एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जायला मला भावाचा खांदा लागायचा. त्याचा तास सुटेपर्यंत मी थांबायचो. आता मी कधी निघायचं, कुठे थांबायचं आणि कुणाबरोबर जायचं, ते माझं मी ठरवतो. यातलं परावलंबन कोणतं?

‘अगदीच लागलं तर कुबड्या घ्या, पण खुर्ची नको.’ हा सल्ला दिसतो तितका निरुपद्रवी नाही. आमच्यात गुडघा आणि घोट्याबरोबर कोपर हाही वारंवार रक्तस्राव होणारा सांधा आहे. कुबड्यांनी पायावरचा भार हात, कोपर आणि खांद्यावर येतो. कोपर खराब असेल तर अख्खा पुढचा हात टेकवता येईल अशा कुबड्या लागतात, किंवा मोटरवर चालणारी खुर्ची, कारण हातांनी चाकं ढकलण्याचा ताणही खांद्या-कोपरांवरच पडतो. काठीचंही तसंच. ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची आणि मूठ मनगटाच्या रेषेपर्यंत यायला हवी. पुष्कळ जण ती दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि ‘उपयोग होत नाही’ म्हणून कोपऱ्यात ठेवून देतात. कोणतं साधन घ्यायचं हे सगळे सांधे तपासून ठरवायचं असतं.

जिद्दीबद्दल फार लिहित नाही. रक्त गोठायला फॅक्टर लागतो.

राहिला मुलांचा मुद्दा. साधनं लाजिरवाणी आहेत असं घरातच ऐकलेलं मूल ब्लीड लपवतं. खेळ बंद होईल, सहल चुकेल, म्हणून ते लंगडत लंगडत ‘काही नाही’ म्हणतं. ब्लीडवर उपचार जितक्या लवकर होईल तितका चांगला, शक्यतो दोन तासांच्या आत, आणि लपवण्यात नेमका तोच वेळ जातो. कुबड्या कपाटाबाहेर, हाताला येतील अशा ठेवा. सहलीला खुर्ची बरोबर न्या, लागली तर बसेल, नाही तर तिच्यावर सगळ्यांची दप्तरं जातील. पाय दुखतोय म्हटल्यावर आपलं जाणं रद्द होत नाही हे एकदा कळलं, की मूल दुखणं वेळेवर सांगायला लागतं.