आयक्यू १२० नसेल तर मेडिकल विसरा म्हणे!

दहावीचा निकाल लागला की आमच्या नागपुरातल्या मानेवाड्याच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर दोन गोष्टी येतात: पेढ्यांचे फोटो आणि सल्ले. यंदाचा सल्ला तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी टाकला. रात्रीपर्यंत तोच माहेरच्या ग्रुपवरून आणि शाळेच्या ग्रुपवरूनही माझ्यापर्यंत पोचला. मजकूर थोडक्यात असा: 'पालकांनो, शाखा निवडण्याआधी मुलाचा आयक्यू (बुद्ध्यांक) तपासा. आयक्यू जन्मतःच ठरतो, आयुष्यभर बदलत नाही. आइनस्टाइनचा १६० होता. १२० च्या वर असेल तरच आयआयटी-मेडिकलच्या क्लासवर पैसे घाला. खालच्या लिंकवर वीस प्रश्न, दहा मिनिटं, शंभर टक्के अचूक निकाल.'

मी अठरा वर्षं शाळेत शिकवते आहे, आणि काही मुलांना मीच आयक्यू चाचणीला पाठवलं आहे. त्यामुळे गप्प बसवलं नाही.

आधी ती लिंक. मी ती दोनदा सोडवली. पहिल्यांदा नीट डोकं लावून: १३१. दुसऱ्यांदा स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या मोजत, प्रश्न न वाचता सगळीकडे 'ब' दाबत गेले: ११४. दोन्ही वेळा निकालाखाली 'अभिनंदन' आणि ३९९ रुपयांत सर्टिफिकेट. ८५ आलेला माणूस सर्टिफिकेट कशाला विकत घेईल, एवढं लक्षात घेतलं की त्या निकालाची 'अचूकता' कळते.

खरी चाचणी वेगळी दिसते. टेबलाच्या एका बाजूला मूल, दुसऱ्या बाजूला मानसतज्ज्ञ, हातात स्टॉपवॉच. लाल-पांढरे ठोकळे जुळवून समोरच्या चित्रासारखी नक्षी करायची, आकडे ऐकून उलटे म्हणायचे, शब्दांचे अर्थ सांगायचे. दीड-दोन तास सहज जातात. मूल दमलं, रडवेलं झालं, प्रश्न पुन्हा विचारू लागलं, तर त्याचीही नोंद होते. हे काम भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं. बोटांचे ठसे घेऊन बुद्धी सांगणारे जे शाळाशाळांतून फिरतात, त्यांचा याच्याशी काडीचा संबंध नाही.

'१२० च्या वर असेल तरच.' हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकला, कारण तो वाचून कोणीतरी खरंच फी भरायची थांबेल. आयक्यू हा आकडा वजनासारखा नाही. तो तुलना आहे: त्याच वयाच्या मुलांमध्ये हे मूल कुठे बसतं? सरासरी १०० धरायची, आणि आकडे असे बसवायचे की सुमारे ६८ टक्के मुलं ८५ ते ११५ मध्ये येतील. १२० च्या वर शंभरातली जेमतेम नऊ. म्हणजे या मेसेजप्रमाणे उरलेल्या एक्क्याण्णवांनी अर्जच करायचा नाही. त्यात चांगल्यात चांगल्या चाचणीतही चार-सहा गुणांचं मागंपुढं असतंच. अहवालात ११७ लिहिलेलं मूल दुसऱ्या दिवशी १२१ वर येऊ शकतं. मग काय, सोमवारी कला शाखा आणि मंगळवारी मेडिकल?

शाळेतल्या मार्कांशी आयक्यूचा संबंध असतो, हे मान्य. सहसंबंध (दोन गोष्टी किती जोडीनं बदलतात ते; ० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे अगदी बरोबरीनं) साधारण ०.५ च्या आसपास सापडतो. मानसशास्त्रात हा मोठा आकडा आहे, पण मुलामुलांच्या मार्कांतल्या फरकाचा तो पाव हिस्साच समजावतो. बाकीच्या पाऊण हिश्श्यात झोप, घरातली भांडणं, चांगले मास्तर, चिकाटी, सगळं आलं.

'जन्मतःच ठरतो, बदलत नाही.' अर्धं खरं, म्हणून जास्त घातक. स्कॉटलंडमध्ये १ जून १९३२ रोजी देशातल्या अकरा वर्षांच्या जवळजवळ सगळ्या मुलांची एकाच दिवशी चाचणी झाली होती. १९९८ मध्ये त्यातल्या १०१ जणांना, ७७ व्या वर्षी, तीच चाचणी पुन्हा दिली. दोन्ही निकालांत सहसंबंध निघाला ०.६३. सहासष्ट वर्षांनी एवढा टिकाव म्हणजे आकड्यात काहीतरी तथ्य आहे. पण अनेकजण बरेच वर-खालीही गेले होते. आणि २०१८ मध्ये सहा लाखांहून जास्त लोकांचे निकाल एकत्र करून पाहिले, तेव्हा शिक्षणाच्या एकेका वर्षामागे १ ते ५ गुण वाढलेले दिसले. शिकून आयक्यू वाढतो, आणि आमचा ग्रुप आयक्यू पाहून शिकवायचं की नाही ते ठरवतो. उलटी गंगा.

आइनस्टाइनने आयक्यू चाचणी दिल्याची नोंद नाही. पुढे.

पुढे म्हणजे कॅलिफोर्नियात. लुईस टर्मन या मानसशास्त्रज्ञाने १९२१ पासून तिथली दीड हजार अतिहुशार मुलं आयक्यूवरून निवडली आणि आयुष्यभर त्यांचा मागोवा घेतला. निवडीत विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ ही दोन मुलं तपासली गेली, गुण कमी पडले, गळाली. पहिल्याला १९५६ मध्ये आणि दुसऱ्याला १९६८ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निवडलेल्यांपैकी एकालाही नाही. गंमत म्हणजे हाच शॉकली म्हातारपणी 'बुद्धी रक्तातच असते' असं सांगत फिरला. स्वतःचा निकाल विसरला असावा.

चाचणीत कोणाचं जग गृहीत धरलं आहे, हा प्रश्न तर मेसेजवाल्यांच्या गावीही नाही. अशा चाचण्यांत 'या दोन गोष्टींत सारखं काय' असे प्रश्न असतात. मी एकदा वर्गात गंमत म्हणून विचारलं: संत्रं आणि मोसंबी, सारखं काय? (हा प्रश्न माझा. खरे प्रश्न बाहेर सांगायचे नसतात, सांगितले की चाचणीच नासते.) 'दोन्ही फळं' म्हटलं की पूर्ण गुण, 'दोन्ही गोल' म्हटलं तर अर्धे, अशी साधारण गुण द्यायची रीत. काटोलकडून शिकायला आलेला एक पोट्टा म्हणाला, "मॅडम, दोघांचीबी कलमं जंभेरीवर बांधतात." जंभेरी म्हणजे लिंबाच्या जातीचं एक झाड. बरोबर आहे की नाही, हे मला घरी जाऊन विचारावं लागलं. बरोबर होतं. गुण किती द्यायचे, सांगा.

म्हणूनच परदेशी चाचणी जशीच्या तशी चालत नाही, इथल्या मुलांवर घासूनपुसून घ्यावी लागते. आणि हे काम कुठे झालं, हे नागपूरकरांनाच माहीत नसतं. डेव्हिड वेश्लर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या आयक्यू चाचणीचं भारतीय मुलांसाठीचं रूप केलं ते नागपूरच्या डॉ. आर्थर मालिन यांनी, १९६० च्या दशकाच्या अखेरीस. सहा ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठीची ही 'मिसिक' देशभर वापरली जाते. मूल स्वतःच्या हातानं जेवतं का, कपडे घालतं का, दुकानातून सामान आणतं का, हे आईला विचारून सामाजिक वय काढायची व्हाइनलँड मोजपट्टीही त्यांनीच इथे आणली. तज्ज्ञ तिला आजही 'नागपूर आवृत्ती' म्हणतात. पण त्यातही एक मेख आहे. जगभर पिढ्यांगणिक गुण वाढत आले, अनेक देशांत दर दशकाला सुमारे ३. न्यूझीलंडमधले संशोधक जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात ते दाखवून दिलं. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीच्या मुलांशी तुलना केली तर आजचं मूल उगाच हुशार ठरू शकतं. अहवाल हातात आला की आकड्याआधी विचारा: चाचणी कोणती, आणि तुलना कोणत्या सालच्या मुलांशी?

एवढं मी ग्रुपवर लिहिल्यावर पहिल्या मजल्यावरच्या ताईंचं उत्तर आलं, "म्हणजे सगळं थोतांडच ना." तेही नाही, ताई. १९०५ मध्ये पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमॉन यांनी पहिली चाचणी केली ती वर्गात मागं पडणारी, वेगळी मदत लागणारी मुलं ओळखायला. त्या कामाला ती आजही लागते. माझ्या वर्गात एक मुलगी तोंडी गणितं चटाचट सोडवायची, पण फळ्यावरचं वाक्य वाचताना घाम फुटायचा. घरचे तिला आळशी म्हणत. सरकारी रुग्णालयात चाचण्या झाल्या. बुद्धी चांगली सरासरीतली निघाली, अडचण फक्त वाचण्या-लिहिण्यात. त्या कागदामुळे तिला बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळाला, आणि घरी 'आळशी' हा शब्द बंद झाला. मतिमंदत्वाच्या प्रमाणपत्रासाठी, डोक्याला मार लागल्यानंतर काय गेलं आणि काय उरलं हे पाहायला, अशा वेळी चाचणी जरूर करा. प्रश्न आधी असला पाहिजे. आकडा हवा म्हणून आकडा काढायचा, त्याला काही अर्थ नाही.

रात्री काका जिन्यात भेटले. रागावले नव्हते. म्हणाले, "मॅडम, मंग शाखा ठरवायची कशी?"

मी म्हटलं, "काका, त्याला विचारलं का?"

"विचारलं ना. तो पोट्टा आयटीआय म्हणून रायला, म्हणून तर टेस्ट घेत होतो."